शिट्टीआत्याची दोरी

माझी आत्या पोहायला शिकवायची. सार्वजनिक तलावाच्या काठावर गळ्यात शिट्टी अडकवून ती सकाळपासून उभी असे, आणि ती शिट्टी वाजली की पाण्यातली मुलंच काय, कुंपणापलीकडच्या रस्त्यावरचे सायकलवालेही ब्रेक दाबत. तलावावर सगळे तिला शिट्टीबाई म्हणायचे, म्हणून घरात ती शिट्टीआत्या. रुंद खांदे, आखूड कापलेले केस, तलावाच्या औषधानं कायमचे तांबूस झालेले डोळे आणि राग कायम नाकावर. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणायची, "बुडणाऱ्यांना वर काढायचं काम दिवसभर करते. घरी येऊन पुन्हा तेच कशाला?"

बाबा तिचे धाकटे भाऊ. ते म्हणायचे, "ताईचं काही विचारू नका. ती सगळ्या जगाला पाण्यातच पाहते." हा त्यांचा आवडता विनोद. आत्या सोडून सगळे हसायचे.

आत्या आमच्याच इमारतीत सहाव्या मजल्यावर एकटी राहायची. आम्ही दुसऱ्यावर: आई, बाबा आणि मी. बाबांचं चष्म्याचं दुकान. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्यांना चैन पडत नसे. भिंतीवरचं चित्र तिरकं वाटलं तर जेवता जेवता उठून सरळ करून यायचे. अशा माणसाला लोकांनी इमारतीच्या कमिटीचं अध्यक्ष केलं यात नवल नव्हतं, आणि त्यांनी कामही जीव ओतून केलं. बाहेरून नवा रंग दिला, खालच्या हॉलमध्ये झुंबर लावलं, छतावर सौर पॅनेल बसवले, तळघरात कपडे वाळवायची यंत्रं आणली. पॅनेलना कुणाचा धक्का नको म्हणून छताला कुलूप घातलं. आणि मग एक नियम केला: बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत, इमारतीचं रूप बिघडतं.

बहुतेकांनी मान डोलावली. यंत्रात कपडे टाकले की थोड्या वेळात कोरडे, वर भाकरीसारखे गरम. नको कुणाला होतं? फक्त आत्यानं काही मनावर घेतलं नाही. तिचे रोजचे ओले टॉवेल, पोहण्याचे काळे कपडे, डोक्याची रबरी टोपी, सगळं तिच्या बाल्कनीतल्या निळ्या दोरीवर पहिल्यासारखंच लटकत राहिलं. अध्यक्षांची बहीण, त्यात तो स्वभाव. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणी पुढे येईना.

मग इमारतीला बक्षीस मिळालं. कुठल्याशा संस्थेनं 'हरित इमारत' असं प्रमाणपत्र दिलं. ते सोनेरी चौकटीत घालून झुंबराखाली टांगलं गेलं, आणि त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये दोन कागद चिकटवले. सेक्रेटरी विमा विकायचे. आवाज लोण्यासारखा, पण त्या आवाजात कधी सुरी फिरेल सांगता यायचं नाही. पहिल्या कागदावर हिरवं पान होतं आणि खाली लिहिलं होतं, "लहान सवयी बदला, कार्बन घटवा, पृथ्वी वाचवा." दुसऱ्यावर पान नव्हतं. "बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या सदस्यांवर कारवाई करण्यात येईल."

मी आणि आत्या बाहेरून येत होतो. तिच्या हातात ओल्या कपड्यांची पिशवी. लिफ्टमध्ये सेक्रेटरी कागदाचे कोपरे अंगठ्यानं दाबत उभे होते.

"हे दोन्ही तुम्हीच लावले?" आत्यानं विचारलं.

"हो बाई. छपाई छान आलीये ना?"

"एका हातानं पृथ्वी वाचवायची आणि दुसऱ्या हातानं माझा टॉवेल ओढायचा. दमत नाही का तुम्ही?"

सेक्रेटरी हसले. "बाई, तळघरात एवढी यंत्रं आहेत. आणि वीज तर आपलीच, छतावरच्या उन्हाची."

"म्हणजे ऊन छतावर धरायचं, तारेतून तळघरात न्यायचं, तिथं यंत्राला भरवायचं, आणि मग त्या यंत्रानं माझा टॉवेल वाळवायचा. ऊन काय पांगळं आहे? माझ्या बाल्कनीत ते आपल्या पायानं येतं."

सेक्रेटरींचा मजला आला म्हणून ते सुटले. वास्तविक पॅनेलच्या विजेवर जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप एवढंच चालायचं. यंत्रं बाहेरून येणारी वीजच खायची, आणि भरपूर खायची. हे कमिटीला ठाऊक होतं. प्रमाणपत्राच्या वेळी कुणी विचारलं नाही, म्हणून कुणी सांगितलं नाही.

आत्याचा राग नुसता दोरीपुरता नव्हता. तलावाच्या काठावरून, लांब नदीच्या वळणावर, वीजकेंद्राची धुराडी दिसतात. तिथं कोळसा जळतो. उन्हाळ्यात शहरातली सगळी थंड हवेची यंत्रं सुरू झाली की त्या धुराड्यांतून जाड धूर निघायचा, आणि ती वर्षानुवर्षं तो बघत होती. काठावरच्या फरश्या आताशा इतक्या तापायच्या की मुलं पाण्यातून बाहेर आली की नाचत नाचत सावली गाठायची. दुपारचा वर्ग तलाववाल्यांनी बंदच केला, कारण रांगेत उभी असलेली एक मुलगी उन्हानं चक्कर येऊन पडली होती. तिचं डोकं फरशीवर आपटलं तो आवाज आत्या विसरली नव्हती. मला म्हणायची, "पोरी पाण्यात बुडू नयेत म्हणून मी तिथं उभी. आणि ही पोरगी पाण्याबाहेर, कोरड्या जमिनीवर गेली असती. ती धुराडी कुणासाठी जळतात? सेक्रेटरीचे पायमोजे वाळावेत म्हणून."

यावर हसायचं की नाही ते कळायचं नाही. तिच्या कपाळावरची शीर तटतटलेली असायची.

दोरी कापली गेली ती एका शनिवारी. इमारतीच्या काचा पुसायला माणसं आली होती, छतावरून दोरांना लटकून एकेक मजला खाली उतरत होती. सेक्रेटरींनी त्यातल्या एकाला सांगून ठेवलं होतं. त्यानं सहाव्या मजल्यावर येऊन कात्री चालवली आणि तो पुढे सरकला. आत्याचे कपडे वाऱ्यावर तरंगत खाली आले. टॉवेल झाडात अडकले. पोहण्याचा काळा पोशाख इमारतीच्या दारावरच्या पांढऱ्या छपरीवर असा काही पसरला, की एखादी बाई आकाशातून पडून तिथंच आडवी झाली आहे असं वाटावं. खाली पाहुणे आले होते, ते मान वर करून बघत होते. कुणीतरी फोटो काढला.

आत्या जिन्यानं उतरली. लिफ्टची वाट बघण्याएवढा धीर तिच्यात नव्हता. वॉचमनकाकांना म्हणाली, "शिडी द्या." काकांनी शिडी आणली आणि ती स्वतः धरून उभे राहिले. आत्या छपरीवर चढली, पोशाख उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. मग छपरीवरच उभं राहून तिनं शिट्टी फुंकली. मी ती शिट्टी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तशी कधी ऐकली नव्हती. मजल्यामजल्यावरून लोक बाल्कनीत आले.

"माझी दोरी कुणी कापली?" तिनं विचारलं. आवाज चढवला नव्हता, तरी शेवटच्या मजल्यापर्यंत गेला.

सेक्रेटरी हॉलमधून बाहेर आले. "नियम आहे बाई. नोटीस दिली होती."

"मला सांगून कापायची होती. मी बाल्कनीत उभी राहिले असते आणि तुम्ही स्वतः, दोराला लटकून, माझ्या डोळ्यांत बघून कापायची होती. दुसऱ्याच्या हातात कात्री देऊन कसला नियम पाळता?"

त्याच वेळी बाबा दुकानातून परत येत होते. फाटकात त्यांनी पाहिलं: झाडावर टॉवेल, छपरीवर बहीण, खांद्यावर तिचा ओला पोशाख, आणि सगळी इमारत प्रेक्षक. त्यांचा चेहरा पडला. ते म्हणाले, "ताई, खाली उतर. शोभा करू नकोस."

"शोभा तुझ्या कमिटीनं केलीये, धाकट्या. मी फक्त उचलायला आले."

त्या रात्री आमच्याकडे कुणी फारसं जेवलं नाही. बाबा ताटावरून उठले ते चित्र सरळ करायला नाही, नुसतेच उठले.

पुढच्या आठवड्यात सभा भरली. इमारतीच्या छोट्या सभागृहात हवा इतकी थंड केली होती की बायका अंगावर शाली घेऊन बसल्या होत्या आणि बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. आत्या उभी राहिली. तिनं काही लिहून आणलं नव्हतं.

"एवढंच विचारायला आले," ती म्हणाली. "लिफ्टमध्ये लिहिलंय सवयी बदला. कुठल्या? मला बदलायला एकच सवय सांगितलीत, ती म्हणजे उन्हात कपडे वाळत घालण्याची. बाहेर ऊन फुकट जातंय आणि इथं तुम्ही शाल पांघरून बसलाय. झुंबर दिवसाढवळ्या जळतंय. आणि भिंतीवर प्रमाणपत्र. जनाची नाही, निदान मनाची तरी लाज ठेवा."

तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "पण बाई, दिसायला कसं दिसतं ते? लोक काय म्हणतील, कुठली वस्ती आहे?"

"लोक म्हणतील इथं माणसं राहतात, आणि ती अंघोळ करतात."

काही जण हसले. बाबांना हसू आलं नाही. ते अध्यक्षांच्या खुर्चीतून उठले, आणि पुढचं बोलणं कमिटीचं राहिलं नाही, घरचं झालं.

"ताई, तू बोलतेस तर मीही बोलतो. तू रोज तलावावरून येऊन अर्धा-अर्धा तास गरम पाण्याखाली उभी असतेस. तुझा गीझर सकाळी लागतो आणि दुपारी लागतो. तो कशावर चालतो, तुझ्या तोंडाच्या वाफेवर? दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं आणि स्वतः कोरडं राहायचं, हे बरं आहे."

आत्या लाल झाली. तिचे खांदे दुखायचे हे बाबांना माहीत होतं. इतकी वर्षं पाण्यातून मुलं उचलून उचलून ते खांदे झिजले होते, आणि गरम पाणी एवढंच त्यांना सुख होतं. ते सुख बाबांनी चार लोकांत काढलं.

"बरोबर आहे," आत्या म्हणाली. "गीझर माझा आहे, चूकही माझी. पण तू दोरीबद्दल बोल. तुला दोरीचं काय वावडं आहे ते सांग या सगळ्यांना. की मी सांगू?"

बाबा म्हणाले, "सांग ना. लाज वाटत नाही मला." पण वाटत होती. त्यांचा आवाजच सांगत होता. आणि आत्यानं सांगायच्या आत ते स्वतःच बोलून गेले.

"आमची आई एका मोठ्या लॉजच्या चादरी धुवायची," ते म्हणाले. "घरात आणि घराबाहेर, जिकडे बघावं तिकडे ओल्या चादरी. आमच्या कपड्यांना दोरीवर जागाच नसायची. लोकांचं आधी, आमचं शेवटी. मी शाळेत ओला शर्ट घालून जायचो. माझ्या बाकावर कुणी बसत नसे, वास यायचा. मुलं मला 'ओल्या' म्हणायची. शाळा सुटेपर्यंत तेच नाव. मी ठरवलं होतं, माझ्या घरात ओलं कापड दिसणार नाही. माझ्या घरातला प्रत्येक माणूस कोरडे, गरम कपडे घालेल. हे चुकलं का माझं? यंत्रं मी आणली. त्या यंत्रातून आलेल्या शर्टाला जी ऊब असते ना, ती मला चाळिशी उलटल्यावर मिळाली."

एवढं बोलून ते खाली बसले. मी त्यांची मुलगी. ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते, शेजाऱ्यांबरोबर.

आत्या त्यांच्या खुर्चीकडे वळली. मग म्हणाली, "मीही त्याच घरात होते, धाकट्या. मीही ओलीच जायचे शाळेत. म्हणून तर पाण्यात शिरले, तिथं सगळेच ओले असतात. पण आईच्या दोरीची लाज मला कधी वाटली नाही. तुझी फी त्या दोरीनं भरली. तुला वास आला तो आईच्या कष्टाचा, आणि आता तू बक्षीस लावून तो लपवतोयस."

"ताई, पुरे."

"मला वाळीत टाकायचं असेल तर टाका," ती सभेकडे वळून म्हणाली, "पण वाळत घालायचं मी सोडणार नाही." आणि निघून गेली.

मतं घेतली. नियम कायम राहिला.

दोघांचं बोलणं बंद झालं. बाबा तिच्या मजल्याचं नाव काढत नसत आणि ती जिन्यात समोर आली तर ते लिफ्टकडे वळत. मी एका संध्याकाळी वर गेले तेव्हा आत्या स्वयंपाकघरात स्टोव्हपाशी उभी राहून खांदा चोळत होती.

"गीझर बंद करून ठेवला," ती म्हणाली. "बटणावर चिकटपट्टी लावलीये."

"आत्या, खांद्यांचं काय?"

"खांदे बोंबलतायत. बोंबलू देत. धाकट्यानं सांगितलं ते खोटं असतं तर त्याला धुतला असता. खरं निघालं, म्हणून जास्त राग आलाय."

पृथ्वीच्या प्रेमानं वगैरे तिनं ते केलं नाही. निव्वळ रागानं केलं. थंड पाण्यानं अंघोळ करताना ती बाबांना, सेक्रेटरींना आणि दातांच्या डॉक्टरांना क्रमानं शिव्या द्यायची. पाचव्या मजल्यावर ऐकू यायचं. त्या दिवसांत ती इतकी करवादली होती की तलावावर मुलं आपणहून शंभर हात पोहून दाखवायची, फक्त तिनं ओरडू नये म्हणून. पुढे थंडीत तिनं चिकटपट्टी काढली, पण एक बादली गरम पाणी घ्यायची, तेवढंच. फवाऱ्याखाली उभं राहणं तिनं पुन्हा सुरू केलं नाही.

आणि दोरीचं तिनं वेगळंच केलं. बाल्कनीत मनाई होती, छताला कुलूप होतं, पण खालच्या हॉलबद्दल नियमात अक्षर नव्हतं. तिनं कपडे वाळवायचा एक घडीचा स्टँड आणला, आणि तलावावरून आली की हॉलमध्ये, बरोबर झुंबराखाली, प्रमाणपत्रासमोर तो उघडून त्यावर आपले ओले टॉवेल घालायला लागली. झुंबर जळतंच आहे, तर त्याची ऊब तरी कामी येऊ दे, म्हणायची. शेजारी स्टूल घेऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायची. तिच्या नजरेला नजर देणं अवघड होतं.

सेक्रेटरी पहिल्या दिवशी आले. "बाई, हे उचला."

"कुठला नियम?"

"नियम करू आम्ही."

"करा. सभा घ्या. तोवर वाळतील."

लोकांनी नाकं मुरडली. पाहुणे आले की काही जण त्यांना मागच्या दारानं नेऊ लागले. चौथ्या मजल्यावरची जुळ्यांची आई पहिले दोन दिवस नुसती बघून गेली. तिसऱ्या दिवशी बाळांच्या लंगोटांची बादली घेऊन आली आणि म्हणाली, "जरा जागा आहे का? तळघरातलं यंत्र कधी रिकामंच मिळत नाही. आणि तिथं एकटीला जायला मला भीती वाटते." आत्यानं आपले टॉवेल एका बाजूला सारले. मग मी माझे कपडे नेले. मग एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी आपल्या दोन बनियन स्टँडवर वाळत घातल्या आणि अपराध केल्यासारखे पळाले. आत्या स्वतः दुसरा स्टँड घेऊन आली. प्रमाणपत्र टॉवेलांमागे दिसेनासं झालं.

बाबा रोज त्यातून वाट काढत दुकानात जायचे. खाली बघत जायचे.

आई या सगळ्यात काही बोलली नव्हती. आमची आई कमी बोलते. भांडणात ती कुणाची बाजू घेत नाही, त्यामुळे ती आपल्याच बाजूची आहे असं प्रत्येकाला वाटतं. एका रविवारी सकाळी बाबा वर्तमानपत्र वाचत बसले होते. आईनं धुतलेल्या कपड्यांची बादली उचलली. बाबांना वाटलं, तळघरात चालली. मी तिच्या मागे गेले. ती लिफ्टमध्ये शिरली, पण तळघराचं बटण तिनं दाबलं नाही. हॉलमध्ये उतरली. आत्या स्टुलावरून उठून बघतच राहिली. आईनं बाबांचे पांढरे शर्ट, दुकानात घालायचे, कडक कॉलरचे, एकेक झटकून स्टँडवर घातले. कॉलर सरळ केल्या. सगळी इमारत ते शर्ट ओळखत होती.

कुणीतरी बाबांना कळवलं असावं. ते घरातल्या चपलांवरच खाली आले. झुंबराखाली आपले शर्ट ओळीनं टांगलेले पाहून ते थबकले.

"हे काय चालवलंयस?" ते आईला म्हणाले. "तूसुद्धा?"

आईनं शेवटच्या शर्टाची बाही सरळ केली. "तुम्ही कधी गेलात तळघरात?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"यंत्रं आणलीत त्या दिवशी रिबीन कापायला गेला होतात. त्यानंतर?"

बाबा आपल्या शर्टांकडे बघू लागले.

"मी रोज जाते. पाण्यानं जड झालेली बादली घेऊन जाते, रांगेत उभी राहते, खाली हवा नाही, यंत्रांच्या तापानं जीव घुसमटतो. या इमारतीतली प्रत्येक बाई तिथं उभी असते. एकही पुरुष मी आजवर पाहिला नाही. गरम शर्ट तुम्हाला कपाटात सापडतो, म्हणून तुम्हाला ऊब वाटते. मला त्याची धग लागते." आईचा आवाज शांत होता, पण मी तिला इतकी चिडलेली पूर्वी पाहिली नव्हती. "लहानपणी ओला शर्ट घालावा लागला, फार वाईट झालं. पण त्याचा सूड माझ्यावर का? छताची किल्ली द्या."

आत्या मधे बोलली नाही, हे तिच्याकडून विशेषच.

बाबांनी लगेच किल्ली दिली नाही. ते वर गेले आणि दिवसभर खोलीत बसले. संध्याकाळी मला हाक मारून म्हणाले, "चल खाली." आम्ही तळघरात गेलो. लोखंडी दार उघडल्याबरोबर भट्टीसारखा झोत आला. यंत्रं घरघरत होती. दोन बायका भिंतीला टेकून थांबल्या होत्या, अध्यक्षांना पाहून सावरून उभ्या राहिल्या. बाबा तिथं बराच वेळ उभे होते. त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. पुसायला म्हणून त्यांनी तो काढला आणि तसाच हातात धरला.

पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच ठराव मांडला: छत उघडायचं, पॅनेल सोडून उरलेल्या जागेत दोऱ्या बांधायच्या, आणि यंत्रं फक्त पावसाळी दमट दिवसांपुरती ठेवायची. सेक्रेटरींनी आणि डॉक्टरांनी विरोध केला. ठराव थोड्या मतांनी पास झाला. बाल्कनीचा नियम मात्र तसाच राहिला. तेवढ्यावरून आत्या पुन्हा भडकली, म्हणाली, "म्हणजे वाळवा, पण लपून वाळवा." ते तिचं बरोबरच होतं. पण छत मिळालं.

बाबा एके दिवशी तिच्या दारात गेले. मी सोबत होते.

"ताई, सरळ सांगतो," ते म्हणाले. "ओल्या कपड्याचा वास मला अजून सहन होत नाही."

"मग नको करू सहन. वाळल्यावर घाल," आत्या म्हणाली आणि दारातून बाजूला झाली. "आत ये. सभेत माझा गीझर काढलास त्याबद्दल तुला अजून माफ केलेलं नाही. चहा घेतोस?"

तळघरातली निम्मी यंत्रं वर्षभरात काढून टाकली, कारण कुणी वापरेना. सगळी इमारत काही सुधारली नाही. डॉक्टरांकडचे कपडे अजून भर उन्हाळ्यातही यंत्रातच जातात, आणि सभागृहात अजून शाल लागते.

मग प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची वेळ आली. सेक्रेटरींनी छतावर जाऊन आमच्या दोऱ्यांचे फोटो काढले. त्या संस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी व्यासपीठावरून भाषण केलं. दोऱ्यांना 'नैसर्गिक शुष्कन क्षेत्र' असं नाव दिलं होतं त्यांनी. म्हणाले, कमिटीनं दूरदृष्टीनं राबवलेला उपक्रम, सुरुवातीला काही सदस्यांना पटवणं कठीण गेलं, पण आम्ही चिकाटी सोडली नाही. टाळ्या पडल्या. त्यांना एक हिरवी शाल मिळाली.

आम्ही प्रेक्षकांत बसलो होतो. मी आत्याकडे पाहिलं, ती आता उठणार म्हणून तिचा हात धरला. पण ती उठायच्या आत बाबा उठले. त्यांनी खुर्ची मागे ढकलली, ती पडली, ती त्यांनी उचललीही नाही. आयुष्यभर चारचौघांत आवाज न चढवणारा माणूस भर सभागृहात म्हणाला, "खोटं बोलतोय हा. दोरी कापायला यानंच माणूस लावला होता. आणि मी अध्यक्ष होतो, मी गप्प बसलो होतो."

सभागृहात कुजबूज सुरू झाली. सेक्रेटरी लोण्यासारखे हसले आणि म्हणाले, "अध्यक्षांची तब्येत बरी दिसत नाही." आयोजकांपैकी दोघं बाबांच्या दंडाला धरून त्यांना बाहेर काढायला आले. आत्या आडवी आली. "हात लावू नका त्याला," ती म्हणाली. "आम्ही आपण जातोय."

बाहेर फुटपाथवर बाबा थांबले. बोलायला गेले तर शब्द फुटेना, नुसता श्वास. आत्यानं त्यांच्या पाठीवर थाप मारली.

"पहिल्यांदा असंच होतं," ती म्हणाली. "हळू श्वास घे. आधी सोड, मग घे."

आई मागून पर्स सावरत आली. कुणाची वाट न बघता ती बसथांब्याकडे चालू लागली आणि आम्ही तिघं तिच्या मागे निघालो. बाबा वाटभर बोलत होते. सेक्रेटरीला काय काय म्हणायचं राहून गेलं ते एकेक आठवून सांगत होते, आणि प्रत्येक वाक्याला त्यांचा आवाज चढत होता.